एकाच घरात पाच तऱ्हांचा फ्लू

प्रश्न : मागच्या महिन्यात आमच्या घरात फ्लू येऊन गेला आणि जाताना सगळ्यांच्या मनात अढी ठेवून गेला. आधी नऊ वर्षांचा मुलगा शाळेतून तापानं फणफणत आला. दोन दिवसांत मी आडवी झाले. अंग असं ठेचून निघालं की कूस बदलवत नव्हती. नवऱ्याचं नुसतं नाक गळलं. सासूबाईंनी लस टोचून घेतली होती, तरी त्यांनाही ताप आलाच. सासऱ्यांना (वय ७४, मधुमेह) बेताचाच ताप होता, तो उतरला, आम्ही हुश्श केलं, आणि मग थंडी वाजून पुन्हा चढला. धाप लागली. न्यूमोनिया निघाला, रुग्णालयात ठेवावं लागलं. आता घरी आलेत, पण पार खचलेत. नणंदेचं म्हणणं, मी मुलाला पहिल्या दिवसापासून वेगळ्या खोलीत ठेवलं असतं तर हे टळलं असतं. मला उत्तर देता आलं नाही. एकच रोग पाच जणांशी पाच तऱ्हांनी कसा वागतो? विषाणूवरच्या गोळ्या बाबांना दिल्या, मला नाही, असं का? आणि लस घेऊनही फ्लू होणार असेल तर ती घ्यायची कशाला?
– अपराधी वाटणारी सून

उत्तर :

ताई,

तुमचे प्रश्न तीन आहेत, पण पत्रातली निम्मी शाई नणंदेवरच खर्च झालेली दिसते, म्हणून आधी तिचं बघू.

फ्लूची लागण झालेला माणूस लक्षणं दिसायच्या साधारण एक दिवस आधीपासूनच विषाणू बाहेर टाकू लागतो. मुलगा ज्या दिवशी फणफणत घरी आला, त्याच्या आदल्या संध्याकाळी तो ठणठणीत दिसत होता, आजोबांना खेटून बसला होता, तुमच्या शेजारी झोपला होता. त्या वेळी त्याला वेगळ्या खोलीत ठेवायचं कुणाच्या डोक्यात येणार? लागण झाल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत एक ते चार दिवस जातात, बहुतेकांना दोन. म्हणजे तुम्ही ज्या तापानं आडव्या झालात तो त्याला ताप भरला त्याच सुमाराला तुमच्या अंगात शिरलेला असणार.

वेगळी खोली निरुपयोगी असते, असं मी म्हणत नाही. आजाराच्या पहिल्या तीन-चार दिवसांत विषाणू सर्वांत जास्त बाहेर पडतो, तेव्हा अंतर ठेवलं तर धोका कमी होतो. पण ‘कमी होतो’ आणि ‘टळला असता’ यांत फरक आहे, आणि नणंद दुसरं बोलते आहे. शिवाय साथीच्या दिवसांत आजोबांना फ्लू नातवाकडूनच मिळाला हे कशावरून? लागण झालेल्यांपैकी बऱ्याच जणांना काहीच लक्षणं दिसत नाहीत, तरी ते तो दुसऱ्याला देऊ शकतात. भेटायला आलेला एखादा हसतमुख पाहुणाही असू शकतो. तिलाच कशाला, कुणालाच हे छातीठोकपणे सांगता येणार नाही.

साथ कशी पसरते हे इथेच थोडं सांगते, कारण त्याबद्दल एक चुकीची समजूत आहे. फ्लू भयंकर सांसर्गिक आहे असं सगळे धरून चालतात. गोवराचा एक रुग्ण, आजूबाजूला कुणालाच प्रतिकारशक्ती नसेल तर, बारा ते अठरा जणांना रोग देऊ शकतो. नेहमीच्या मोसमी फ्लूचा रुग्ण सरासरी सव्वा माणसाला देतो. १९१८च्या फ्लूच्या महासाथीतही हा आकडा दोनच्या आतबाहेरच होता. फ्लूचं बळ आहे ते त्याच्या घाईत. एकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे जायला त्याला तीनेक दिवस पुरतात, त्यामुळे पहिला रुग्ण अंथरुणातून उठायच्या आत तिसरी फळी आजारी पडलेली असते. पण सव्वा हा आकडा एकच्या इतका जवळ आहे की थोडी काळजीही त्याला एकच्या खाली ढकलते, आणि मग साथ विझत जाते. २०२०-२१ मध्ये कोविडसाठी मास्क, बंद शाळा आणि थांबलेला प्रवास यांमुळे जगभर फ्लू जवळजवळ दिसेनासा झाला होता. फ्लूच्या ‘बी’ गटातला यामागाटा नावाचा एक वंश तर मार्च २०२० नंतर खात्रीनं कुठेच सापडलेला नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं तो लसीतून वगळायला सांगितला आहे. खिडक्या उघडणं, आजाऱ्यानं मास्क लावणं, हात धुणं या गोष्टी क्षुल्लक वाटतात, पण या आकड्यापुढे त्या क्षुल्लक राहत नाहीत.

आता तुमचा खरा प्रश्न, पाच जण आणि पाच तऱ्हा.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार दरवर्षी सुमारे १ अब्ज लोकांना मोसमी फ्लू होतो. त्यातल्या ३० ते ५० लाखांना तो गंभीर होतो, आणि श्वसनाच्या गुंतागुंतीनं २ लाख ९० हजार ते ६ लाख ५० हजार माणसं दगावतात. म्हणजे हजारात तीन ते पाच जण गंभीर आजारी, बाकीचे अंथरुण धरून उठणारे किंवा अंथरुणही न धरणारे. तुमच्या घरात जे दिसलं ते जगभर दरवर्षी दिसतं.

फ्लूच्या विषाणूच्या पृष्ठभागावर दोन महत्त्वाची प्रथिनं असतात, हिमॅग्लुटिनिन आणि न्यूरामिनिडेझ. एच१एन१, एच३एन२ या फ्लूच्या प्रकारांच्या नावांतले एच आणि एन ते हेच. हिमॅग्लुटिनिनच्या साहाय्यानं तो नाक, घसा आणि श्वासनलिकेच्या अस्तरातल्या पेशींना चिकटतो, आत शिरतो आणि त्या पेशीकडूनच स्वतःच्या प्रती बनवून घेतो. काही तासांत नव्या विषाणूंची पिलावळ बाहेर पडू लागते, अस्तराच्या पेशी मरून गळू लागतात. एवढं होईपर्यंत माणसाला बहुधा काहीच कळलेलं नसतं.

कळतं ते शरीर जागं होतं तेव्हा. लागण झालेल्या पेशी आणि प्रतिकारशक्तीच्या पेशी इंटरफेरॉनसारखी संदेश देणारी रसायनं रक्तात सोडतात. ताप, कणकण, डोकेदुखी, भूक मरणं, ग्लानी हे सगळं मुख्यतः त्या रसायनांचं काम. फ्लूचा विषाणू सहसा श्वसनमार्ग सोडून रक्तातून अंगभर फिरत नाही. तुमच्या मांड्या आणि पाठ ठेचून निघाल्या तिथे तो बहुतेक पोचलाही नसेल. तुम्हाला झोपवलं ते तुमच्याच शरीराच्या जोरदार प्रतिसादानं.

म्हणून त्रास किती झाला यावरून धोका किती आहे हे ठरवता येत नाही, आणि घरोघर नेमकी इथेच गफलत होते. चाळिशीतलं माणूस कण्हत पडलेलं असतं, सगळे त्याच्याभोवती. पलीकडे आजोबांना ‘थोडासाच’ ताप असतो, ते निमूट पडून असतात, त्यांच्याकडे लक्ष कमी. म्हातारपणी प्रतिकारशक्ती मंदावते, त्यामुळे ताप फारसा चढतच नाही. कधी कधी नुसता थकवा, जेवण सुटणं किंवा बोलण्यात असंबद्धपणा एवढंच दिसतं. तुम्ही स्वतः ‘बेताचाच ताप’ असं लिहिलंय, म्हणून हे मुद्दाम सांगितलं.

सासऱ्यांच्या बाबतीत पुढे जे झालं ते फ्लूचं सर्वांत ओळखीचं आणि सर्वांत धोक्याचं रूप आहे. श्वासनलिकेच्या अस्तरावर बारीक केसांसारखे तंतू असतात, ते कफ आणि जंतू सतत वर ढकलत असतात. विषाणूनं ते अस्तर सोलून काढलं की ही सफाई थांबते. न्यूमोकॉकस, स्टॅफिलोकॉकस असे जीवाणू अनेक निरोगी माणसांच्या नाकाघशात एरवी गुपचूप राहत असतात. त्यांना फुप्फुसात उतरायला वाट मोकळी मिळते. ताप उतरतो, दोन-तीन दिवस बरं वाटतं, आणि मग ताप पुन्हा उसळतो, खोकल्यातून घट्ट बेडका येतो, धाप लागते. मधुमेहात जंतुसंसर्गाशी लढण्याची ताकद आधीच उणावलेली असते. १९१८च्या महासाथीत जगात अंदाजे ५ कोटी माणसं मेली. त्या वेळी जपून ठेवलेल्या फुप्फुसांच्या नमुन्यांची अमेरिकी शास्त्रज्ञांनी पुन्हा तपासणी केली, ती २००८मध्ये प्रसिद्ध झाली. बहुतेक मृत्यूंत शेवटचा घाव जीवाणूंच्या न्यूमोनियाचा होता असं त्यातून दिसलं. तेव्हा अँटिबायोटिक नव्हती. सासऱ्यांना ती मिळाली. इतरांना अँटिबायोटिक का दिली नाहीत असा प्रश्न मनात असेल तर त्याचंही उत्तर यातच आहे. ती जीवाणूंवर चालतात, फ्लूच्या विषाणूवर त्यांचा काडीचा परिणाम होत नाही.

जाता जाता हृदयाबद्दल. कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतातला एक अभ्यास २०१८मध्ये प्रसिद्ध झाला. चाचणीत फ्लू निघालेल्या लोकांत पहिल्या सात दिवसांत हृदयविकाराच्या झटक्याचं प्रमाण एरवीच्या सहापट आढळलं. फ्लूमध्ये वयस्कर माणसाच्या छातीत दुखलं तर ‘खोकून खोकून दुखत असेल’ म्हणून सोडून देऊ नका.

तुमच्या नवऱ्याचं नुसतं नाक गळलं याची दोन कारणं संभवतात. एक, तो फ्लू नव्हताच. साथ फ्लूची असली तरी सर्दीचे इतर विषाणू सुट्टीवर जात नाहीत, आणि चाचणी केल्याशिवाय नक्की सांगता येत नाही. (घरच्या घरी किंवा दवाखान्यात होणारी झटपट चाचणीही बऱ्याचदा फसते, ती ‘नाही’ म्हणाली म्हणजे फ्लू नाहीच असं नसतं.) दुसरं कारण जास्त रंजक आहे. या विषाणूच्या जवळच्या नातलगाशी त्यांची आधी कधी तरी गाठ पडलेली असू शकते. लहानपणी आपल्याला पहिल्यांदा ज्या प्रकारचा फ्लू झाला, त्याची आठवण प्रतिकारशक्ती जन्मभर ठेवते. १९५७मध्ये एच२एन२ आला, १९६८मध्ये एच३एन२, १९७७मध्ये एच१एन१ परतला. कोणत्या काळात बालपण गेलं यावर कुणाच्या शरीराला कोणता फ्लू ओळखीचा हे बरंचसं ठरतं. २००९च्या एच१एन१ (स्वाइन फ्लू) महासाथीत म्हणूनच एक उलटी गोष्ट दिसली. अनेक वृद्धांच्या शरीरात जुन्या एच१एन१ची आठवण शिल्लक होती, त्यांना लागण कमी झाली आणि तरुणांना जास्त. १९१८मध्येही वीस ते चाळीस वयाची धडधाकट माणसं मोठ्या संख्येनं गेली. त्यामागची कारणं काय, यावर शास्त्रज्ञांचा वाद अजून मिटलेला नाही.

गोळ्यांचा प्रश्न सोपा आहे, आणि त्यात तुमच्याशी दुजाभाव झालेला नाही. ऑसेल्टामिव्हिर हे औषध न्यूरामिनिडेझला अडवतं. नव्यानं तयार झालेले विषाणू पेशीपासून सुटू शकत नाहीत, तिथेच चिकटून राहतात. पण अंगातल्या विषाणूंची संख्या पहिल्या दोन-तीन दिवसांतच शिगेला पोचते, म्हणून औषधाचा पुरेपूर फायदा ४८ तासांच्या आत सुरू केलं तर. एरवी निरोगी असलेल्या माणसाचा आजार त्यानं जेमतेम एखाद्या दिवसानं कमी होतो. वय ६५च्या पुढे, मधुमेह, दमा, हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार, गरोदरपण, किंवा रुग्णालयात दाखल होण्याइतका आजार असेल तर मात्र उशीर झाला असला तरी ते देतात. तुमच्या डॉक्टरांनी नियमाप्रमाणेच केलं. सासऱ्यांच्या पाकिटातल्या गोळ्या उरल्या असतील तर पुढच्या वेळी कुणी मनानं घेऊ नये.

औषधांबद्दल आणखी दोनच गोष्टी. मुलाला तापासाठी अ‍ॅस्पिरिन कधीही देऊ नका. फ्लूमध्ये लहान आणि किशोरवयीन मुलांना त्यातून रे सिंड्रोम हा यकृताचा आणि मेंदूचा दुर्मीळ पण जीवघेणा विकार होऊ शकतो. पॅरासिटामॉल चालतं, पण सर्दीच्या कित्येक औषधांत ते आधीच मिसळलेलं असतं. दोन्ही घेतली की नकळत मात्रा दुप्पट होते. पाकिटावरची बारीक अक्षरं वाचायचा कंटाळा करू नका.

आता लस. फ्लूचा विषाणू म्हणजे लिहिलेलं पुन्हा वाचून न पाहणारा नकलनवीस. प्रत काढताना झालेल्या चुका तो दुरुस्त करत नाही, त्यामुळे पृष्ठभागावरची प्रथिनं वर्षागणिक थोडी थोडी बदलतात आणि मागच्या मोसमात शरीरानं बनवलेली प्रतिपिंडं (अँटिबॉडी) त्यांना नीट ओळखत नाहीत. त्याहून मोठा बदलही होतो. ‘ए’ गटाच्या विषाणूची जनुकं आठ सुट्या तुकड्यांत असतात. डुकरासारख्या प्राण्याच्या एकाच पेशीत दोन वेगळे विषाणू शिरले तर तुकड्यांची अदलाबदल होऊन अगदीच अनोळखी विषाणू जन्मतो. २००९च्या विषाणूत डुकरं, पक्षी आणि माणसं या तिघांकडून आलेले तुकडे होते.

लस या धावत्या लक्ष्यावर नेम धरून करावी लागते. जगभरातून गोळा केलेले विषाणूंचे नमुने पाहून जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा, फेब्रुवारीत उत्तर गोलार्धासाठी आणि सप्टेंबरमध्ये दक्षिण गोलार्धासाठी, लसीत कोणते विषाणू घ्यायचे ते सुचवते. त्यानंतर ती तयार व्हायला सहाएक महिने लागतात. तेवढ्यात विषाणू आणखी सरकलेला असू शकतो. नेम चांगला बसला त्या वर्षी डॉक्टरकडे जावं लागण्याइतका फ्लू होण्याची शक्यता लस साधारण ४० ते ६० टक्क्यांनी कमी करते. हे प्रमाण गोवराच्या लसीसारखं नाही, आणि ते तसं असल्याचा आव आणला म्हणूनच ‘लस घेऊनही झाला’ ही तक्रार घरोघर ऐकू येते, असं माझं मत आहे. लस घेतलेल्यांना लागण झाली तरी आजार गंभीर होण्याची, रुग्णालय गाठावं लागण्याची शक्यता कमी असते.

सासूबाईंना ताप आला आणि त्या घरीच बऱ्या झाल्या. ते लसीमुळेच, असं एका माणसाबद्दल सिद्ध करता येत नाही. पण सासऱ्यांनी लस घेतली होती की नाही याबद्दल तुमचं पत्र गप्प आहे, आणि त्यावरून मी जो अंदाज बांधायचा तो बांधला आहे. घेतली नसेल तर आता, प्रकृती सावरल्यावर, डॉक्टरांना विचारून घ्या. नुकताच फ्लू होऊन गेला ही सबब नाही, कारण एका प्रकारचा फ्लू दुसऱ्यापासून फारसं संरक्षण देत नाही. ६५च्या पुढच्यांसाठी काही ठिकाणी जास्त मात्रेची लस मिळते, तिचीही चौकशी करा. न्यूमोकॉकसविरुद्धची लस वेगळी असते. जे दुखणं ते सोसून आलेत ते पाहता तिच्याबद्दल विचारायलाच हवं. टोचायची फ्लूची लस मृत विषाणूपासून किंवा त्याच्या तुकड्यांपासून केलेली असते, तिच्यातून फ्लू होत नाही. दंड दुखेल, दिवसभर कणकण वाटेल इतकंच. संरक्षण तयार व्हायला दोन आठवडे लागतात, तेव्हा साथ दारात आल्यावर धावपळ करण्यात अर्थ नाही. आणि सगळ्यांनी घ्या, मुलानंसुद्धा. वृद्धांच्या शरीरात लस कमी जोमानं काम करते, म्हणून त्यांच्या आजूबाजूच्यांनी घेतलेल्या लसीचा त्यांना फायदा होतो.

पुढच्या वेळी घरात कुणालाही फ्लूचा संशय आला तर त्याच दिवशी सासऱ्यांच्या डॉक्टरांना फोन करा. सासरे ठणठणीत असतानाच करा. जोखमीच्या माणसाला लागण व्हायच्या आधी, संपर्क आल्याबरोबर, विषाणूरोधक औषध प्रतिबंधक म्हणूनही देता येतं. द्यायचं की नाही हे डॉक्टर ठरवतील, पण त्यांना वेळेवर कळलं तरच. आजाऱ्याची शुश्रूषा एकानंच करावी, आणि ती करणारी व्यक्ती सासूबाई नसावी. दोघांनीही मास्क लावावा. मुलाला शाळेत पाठवायचं ते औषधाशिवाय ताप उतरून पूर्ण २४ तास झाल्यावर.

सध्या घरी आलेल्या सासऱ्यांचा थकवा काही आठवडे टिकेल, खोकलाही रेंगाळेल, त्यानं घाबरू नका. पण त्यांना अंथरुणात ठेवून ‘आराम’ देत राहू नका. या वयात पडून राहिल्यानं स्नायू झपाट्यानं झडतात. डॉक्टरांनी परवानगी दिली असेल तर दिवसातून अनेकदा खुर्चीत बसवा, घरातल्या घरात चालवा. आजारपणात रक्तातली साखर चढते, ती नेहमीपेक्षा जास्त वेळा तपासा. श्वास जोरात चालणं, छातीत दुखणं, ओठ निळसर दिसणं, बोलणं भरकटणं, लघवी अगदी कमी होणं, किंवा उतरलेला ताप पुन्हा चढणं, यांतलं काहीही दिसलं तर रात्र असली तरी सकाळची वाट न पाहता त्यांना रुग्णालयात घेऊन जा.